‘गुरुवारी दाढ, रविवारी वर्ग’ हा हिशेब चुकीचा आहे

आखातात शिकवायला गेलेल्या आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांत दर उन्हाळी सुटीत एक मेसेज फिरतो. यंदा तो मला चार ठिकाणांहून आला. मजकूर साधारण असा:

‘अक्कलदाढ काढायची तर सुटीत गावीच काढा, तिकडे परवडत नाही. दुखत नसली तरी काढून टाका. सुटीच्या शेवटच्या आठवड्यात काढा, म्हणजे सुटी वाया जात नाही. दहा मिनिटांचं काम आहे. गुरुवारी दाढ काढा, रविवारी वर्गावर उभे राहा. घरी आल्याबरोबर मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या आणि शेक सुरू करा. वरची काढू नका, डोळे जातात. जबर गोळ्या इथूनच भरून न्या.’

पाठवणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं, हे मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी मीही हाच मेसेज प्रमाण मानला होता. मी मस्कतला पाचवी-सहावीला गणित शिकवते. ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार सुटी आणि रविवारी शाळा, म्हणून हा ‘गुरुवार-रविवार’. माझी खालची उजवी अक्कलदाढ गुरुवारी जळगावला काढली, शुक्रवारी रात्री पाचोऱ्याहून गाडी पकडली, शनिवारी मुंबईहून विमान, रविवारी सकाळी पहिला तास. त्या रविवारचं पुढे सांगते. आधी मेसेजमधला एकेक मुद्दा घेऊ.

‘दहा मिनिटांचं काम आहे’

कोणाच्या दाढेबद्दल? सरळ उगवलेली वरची दाढ खरंच दहा मिनिटांत निघते. पण खालची, हाडात अर्धी रुतलेली आणि पुढच्या दाढेवर डोकं टेकून आडवी झोपलेली दाढ काढायला हिरडी कापावी लागते, थोडं हाड कोरावं लागतं, दाढेचे तुकडे करावे लागतात आणि वर टाके घालावे लागतात. दोन्हीला आपण ‘दाढ काढली’ असंच म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. ज्याची सरळ दाढ निघाली तो मनापासून सांगतो, ‘मला काहीच झालं नाही’. आडवी दाढ असलेला ते ऐकून तिकीट काढतो.

आपली दाढ कोणत्या जातीची आहे हे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेवर दिसतं. त्याला ओपीजी म्हणतात. तो काढल्याशिवाय परतीची तारीख ठरवूच नका. खालच्या दाढेच्या मुळाजवळून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, तीही त्यात दिसते. मूळ नसेला अगदी चिकटलेलं असेल तर डॉक्टर आणखी बारीक स्कॅन सांगतात. त्या नसेला धक्का लागला तर अर्धा ओठ बधिर राहू शकतो. बहुतेकांचा बधिरपणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत जातो, कायमचा फार थोड्यांचा राहतो. पण ज्याला ‘प’, ‘ब’, ‘म’ दिवसभर उच्चारायचे आहेत, त्याने ही शक्यता खुर्चीवर बसण्याआधी ऐकलेली असावी.

‘रविवारी वर्गावर उभे राहा’

माझा खरा राग या ओळीवर आहे. दाढ काढल्यावर सूज पहिल्या दिवशी सर्वांत जास्त नसते. ती वाढत जाते आणि ४८ ते ७२ तासांत शिगेला पोचते. गुरुवारी दुपारी दाढ काढली, तर ७२ तास पुरे होतात रविवारी दुपारी. म्हणजे मेसेज आपल्याला बरोबर सर्वांत वाईट दिवशी वर्गात उभं करतो.

शिवाय जबडा आखडतो. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटं उभी जातात. त्या रविवारी सकाळी आरशासमोर माझं एक बोट कसंबसं गेलं. हे आखडणं साधारण आठवडाभर, कधी दोन आठवडे राहतं. ऑफिसात संगणकासमोर बसणारा माणूस बंद तोंडाने काम उरकेल. आपण दिवसाला पाच-सहा तास बोलतो, तेही चाळीस मुलांच्या मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात.

आणि तिसरी गोष्ट ड्राय सॉकेट. दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. ती खालच्या हाडावरचं झाकण असते. ती निघून गेली किंवा विरघळली की हाड उघडं पडतं. हे दुखणं लगेच येत नाही, बहुतेकदा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात उठतं. साध्या दाढांत हे शंभरात एक ते पाच जणांना होतं. खालच्या अडकलेल्या अक्कलदाढेत प्रमाण बरंच जास्त असतं.

मला ते त्या रविवारी शाळेच्या चौथ्या तासाला झालं. फळ्यावर अपूर्णांकांची बेरीज चालली होती. ‘छेद समान करा’ म्हणाले आणि उजव्या कानात कोणीतरी तापलेली सळई घातल्यासारखं झालं. दाढ खाली, कळ कानात. तोंडात घाण चव आली. खडू तिथेच ठेवला आणि टेबलाला धरून उभी राहिले. पहिल्या बाकावरची मुलगी उठली, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि काही न बोलता जागेवर जाऊन बसली. त्या पोरीचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेल्या मुलांसमोर शिक्षकाने असं उभं राहायची काहीच गरज नव्हती.

संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनी खड्डा धुऊन लवंगेच्या अर्काची पट्टी भरली. दहा मिनिटांत कळ अर्ध्यावर आली. मग आठवडाभर पट्टी बदलायला फेऱ्या. गावी जे पैसे वाचवले ते तिथे गेले, आणि रजाही गेली.

‘शेवटच्या आठवड्यात काढा’

नेमकं उलटं करा. सुटीच्या पहिल्या आठवड्यात काढा. आडवी, हाड कोरून काढलेली दाढ असेल तर निघायच्या आधी किमान दोन आठवडे हातात हवेत. साधी असेल तर एक आठवडा तरी. कारण साधं आहे. जे काही बिघडायचं ते बहुतेक पहिल्या आठवड्यात बिघडतं, आणि ज्या डॉक्टरांनी दाढ काढली त्यांच्याकडे तेव्हा पायी जाता आलं पाहिजे. टाके कोणते घातले तेही विचारा. विरघळणारे असतील तर प्रश्न नाही. रेशमाचे असतील तर साधारण सातव्या दिवशी काढावे लागतात. माझे रेशमाचे होते. मी विचारलं नव्हतं, मला कोणी सांगितलंही नव्हतं.

सुटी ‘वाया जाते’ हे म्हणणं मला समजतं. वर्षातून एकदा घरी यायचं, आणि समोर शेवभाजीचं ताट, बिबड्या, ठेचा असताना गार खिचडी खात बसायचं. त्याचं वाईट वाटतंच. बिबड्याचा एक कण खड्ड्यात अडकला तरी रात्र जाते. पण चार-पाच दिवस केळं कुस्करून, दहीभात मऊ करून खायला आपल्या घरासारखी जागा दुसरी कुठे आहे? मस्कतच्या खोलीत मला खिचडी करून द्यायला कोणी नव्हतं.

‘आल्याबरोबर गुळण्या आणि शेक’

गुळण्या चांगल्या, वेळ चुकीची. पहिले २४ तास चूळसुद्धा जोरात भरायची नाही. थुंकत राहायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. गुठळी टिकवायची असते आणि मेसेज ती धुऊन काढायला सांगतो. डॉक्टरांनी दिलेला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट दाबून ठेवायचा, लाळ गिळायची. लाळेत थोडी लाली पहिला दिवसभर राहते, घाबरू नका. २४ तासांनंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात घ्यायचं, हलकेच फिरवायचं आणि सोडून द्यायचं.

शेकाचंही तसंच. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ, फडक्यात गुंडाळून, १५-२० मिनिटं ठेवायचा आणि तेवढाच वेळ काढायचा. गरम शेक दोन दिवसांनंतर, जबडा मोकळा व्हायला.

इथे आपल्याकडचं एक सांगितलंच पाहिजे. दात दुखला की मशेरी दाबणाऱ्या बायका आणि तंबाखूची चिमूट ठेवणारे पुरुष आपल्या घराघरांत आहेत. ओल्या जखमेवर तंबाखू नको, कोणत्याही रूपात नको. सिगारेटनेही ड्राय सॉकेटचा धोका वाढतो.

‘वरची काढू नका, डोळे जातात’

माझी मोठी काकू आजही म्हणते, “वरनी दाढ काढू नको वं माय, डोया जातीन.” तिच्यावर मी कधी चिडत नाही. तिने आयुष्यभर पाहिलंय की ज्या वयात वरचे दात पडतात, काढावे लागतात, त्याच वयात मोतीबिंदूही येतो. दोन्ही एकदम आलं म्हणून एकामुळे दुसरं आलं, असं तिने जोडलं. पण डोळ्यातलं दिसणं मेंदूपर्यंत नेणारी नस वेगळी, ती मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी दुसरी. दातांच्या नसा पाचव्या नसेच्या फांद्या आहेत. त्या पाचव्या नसेचीच एक फांदी कपाळाला आणि डोळ्याभोवती संवेदना देते, म्हणून वरच्या दाढेची कळ डोळ्याच्या मागे जाणवते. दाढ काढल्याने नजर जात नाही.

धोका आहे तो दाढ न काढण्यात. किडलेल्या वरच्या दाढेतला पू तसाच ठेवला तर तो वरच्या जबड्याच्या हाडातल्या पोकळीत, म्हणजे सायनसमध्ये शिरू शकतो, आणि क्वचित डोळ्याच्या खोबणीपर्यंतही जातो. डोळ्याच्या भीतीने दाढ ठेवणारा माणूस डोळ्यालाच धोका ओढवून घेतो.

वरच्या दाढेबद्दल खरी काळजी घ्यायची ती विमानाची. तिचं मूळ सायनसच्या तळाला लागून असतं. कधीकधी दाढ निघताना तिथे छिद्र पडतं. पाणी प्यायल्यावर नाकातून आलं तर समजा तेच झालं. विमानाच्या आतला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहूनही विरळ हवा. भरत आलेल्या खड्ड्याला त्याने काही होत नाही. पण सायनसला छिद्र असेल तर डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय विमानात बसू नका. दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची.

‘जबर गोळ्या भरून न्या’

हा सल्ला नुसता चुकीचा नाही, तो माणसाला विमानतळावर अडकवू शकतो. ट्रामाडॉल आणि कोडीन ही जबर वेदनाशामकं असलेल्या गोळ्या आखातात नियंत्रित औषधांत मोडतात. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधं नेण्याआधी तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी घ्यावी लागते. मेडिकलवाल्याने काउंटरवरून दिलेली पाकिटं बॅगेत घालून उतरू नका. जे न्याल त्याची डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषध मूळ पाकिटात हवं.

आणि जबर गोळी बहुतेकांना लागतही नाही. दाढेच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही जोडी चांगलं काम करते. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा असलेल्यांनी आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नये. डायक्लोफेनॅक चालू असेल तर त्यावर आयबुप्रोफेन चढवू नये, दोन्ही एकाच जातीची आहेत. ॲस्पिरिन वेदनेसाठी नको, रक्त वाहत राहतं. उरलेली अँटिबायोटिक तर घेऊच नका.

‘दुखत नसली तरी काढून टाका’

उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००० सालीच सांगितलं की अडकलेली पण निरोगी अक्कलदाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये. वारंवार सूज, कीड, पुढच्या दाढेला इजा, गाठ अशी कारणं असतील तर काढावी. बाकीच्यांनी तपासत राहावं.

मेसेजमधली एकच गोष्ट मी मान्य करते. तिकडे दातांचा खर्च जड जातो आणि बऱ्याच विम्यांत तो धरलेला नसतो. म्हणून गावी काढणं शहाणपणाचं आहे. निघताना एक्स-रेचा फोटो फोनमध्ये घ्या आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत चार ओळी लिहून घ्या: कोणती दाढ, कधी, टाके कोणते, औषधं कोणती. दाढेचा क्रमांकही त्यात असू द्या. खालची डावी ३८, खालची उजवी ४८, वरच्या १८ आणि २८. हे क्रमांक ओमानमध्येही डॉक्टर ओळखतात. माझ्या हातात ही चिठ्ठी असती तर मला आखडलेल्या तोंडाने सगळं समजावत बसावं लागलं नसतं.

ज्यांचं तिकीट आता बदलत नाही आणि तारीख जवळ आली आहे, त्यांनी शाळेला आजच कळवा. पहिले तीन-चार दिवस तोंडी तास दुसऱ्याला द्या, लेखी सराव आणि वह्या तपासणं स्वतःकडे घ्या. उदाहरण मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. पाण्याची बाटली जवळ ठेवा, दोन तासांच्या मध्ये घोट घोट प्या. आणि तिसऱ्या दिवसानंतर सूज उतरायच्या ऐवजी वाढू लागली, ताप आला, अर्धा तास बोळा दाबूनही रक्त थांबत नसेल तर लगेच डॉक्टर गाठा. गिळायला किंवा श्वास घ्यायला जड जाऊ लागलं तर तास संपायची वाट पाहू नका. सरळ इमर्जन्सीला जा.