मावशी, त्या बाटलीवर काहीच लिहिलेलं नाही

परवा सकाळी मावशीने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. त्यातले दावे थोडक्यात असे: शंभर-दीडशे वर्षांपूर्वी भेसळ नव्हती, म्हणून कायदेही नव्हते. अमेरिकेत १९०६ साली बड्या कंपन्यांनी घरगुती औषधं संपवायला कायदा करवून घेतला. इंग्रजांनी १९४० साली तसाच कायदा आयुर्वेद बुडवायला इथे आणला. आणि औषध वाईट असेल तर लोक आपणहून घेणं थांबवतात, त्यात सरकार कशाला? खाली नेहमीचं, "जागे व्हा, पुढे पाठवा."

असले मेसेज मी एरवी सोडून देते. या वेळी सोडवला नाही, कारण माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी चार महिन्यांची आहे आणि तिच्यासाठी मावशीने ओळखीच्या एका बाईकडून "परवान्याच्या भानगडीत न पडलेली" गुटी आणली आहे. मी ती बाटली हातात घेऊन पाहिली. खोकल्याच्या औषधाची जुनी, धुतलेली बाटली. आधीचं लेबल नखाने खरवडून काढलेलं, गोंद अजून बोटाला चिकटत होता. आत तपकिरी, गोड वासाचं पाणी. "रडायला लागली की अर्धा चमचा द्या, लगेच झोपते," असं त्या बाईने सांगितलंय. चार महिन्यांचं बाळ अर्ध्या चमच्याने लगेच का झोपतं, हे घरात एकानेही विचारलं नाही.

म्हणून शेवटच्या दाव्यापासून सुरुवात करते. जिवावर बेतणारा दावा तोच आहे.

१९३७. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात मॅसेन्गिल नावाची औषध कंपनी होती. सल्फानिलामाइड हे घशाच्या संसर्गावरचं औषध तेव्हा गोळ्यांच्या रूपात मिळायचं आणि खरोखर गुणकारी होतं. पण पातळ औषध हवं अशी मागणी होती. कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने ते डायइथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवलं, रासबेरीचा स्वाद घातला, रंग पाहिला, चव पाहिली, वास पाहिला. विषारी आहे का, हे पाहिलंच नाही. तशी चाचणी करा असं सांगणारा कायदाच नव्हता. डायइथिलीन ग्लायकॉल मूत्रपिंडं निकामी करतं. लघवी बंद होते, पोटात मरणाच्या कळा येतात आणि माणूस एक ते तीन आठवडे तळमळून जातो. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या कृषिमंत्र्यांनी संसदेला या प्रकरणाचा अहवाल दिला. मावशी, मेसेज पुढे पाठवण्याआधी तू एवढा एक कागद वाचायला हवा होतास. एकूण २४० गॅलन औषध बनलं होतं. अन्न-औषध खात्याची जवळपास सगळी माणसं ते गोळा करायला गावोगाव फिरली. कंपनीने आधी नुसतीच "माल परत पाठवा" अशी तार केली. यात जिवाला धोका आहे हे सांगणारी दुसरी तार खात्याने मागे लागून करवून घेतली. एका बाईने निरीक्षकाला सांगितलं, मी ती बाटली खिडकीतून बोळात फेकून दिली. तो बोळात गेला, तर बाटली न फुटता पडलेली, आणि माणूस मारायला पुरेल एवढं औषध आत शिल्लक.

आणि हे सगळं जप्त करता आलं ते कोणत्या गुन्ह्याखाली? चुकीच्या नावाच्या. बाटलीवर "एलिक्झिर सल्फानिलामाइड" असं लिहिलं होतं. "एलिक्झिर" म्हटलं की त्यात अल्कोहोल असायला हवं, यात नव्हतं. बाटलीवर नुसतं "सोल्यूशन" लिहिलं असतं तर खात्याला हातही लावता आला नसता. कंपनीच्या मालकाने जबाबदारी साफ झटकली. टल्सा गावच्या एका आईने आपली सहा वर्षांची मुलगी कशी तडफडून गेली ते राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहून कळवलं. नवं औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचा पुरावा द्या, असं सांगणारा कायदा त्यानंतर, जून १९३८ मध्ये झाला.

"लोक आपणहून घेणं थांबवतात" म्हणजे काय, ते हे. थांबायच्या आधी मुलं गेलेली असतात.

हेच रसायन १९८६ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून रुग्णांच्या पोटात गेलं. १४ जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध खरेदीपासून औषध प्रशासनापर्यंत सगळ्यांचा कारभार उघडा पाडला. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या रुग्णालयांत दगावली, खोकल्याच्या सिरपमधलं विष पुन्हा हेच. कायदा असून हे घडलं, असं कोणी म्हणेल. घडलं, कारण तपासणी झाली नाही. म्हणून तपासणीच नको, हे कुठलं शहाणपण?

आता १९०६. मेसेजमध्ये एक अर्धवट खरी गोष्ट आहे, ती मान्य करते. केचप बनवणाऱ्या हाइन्झसारख्या कंपनीने त्या कायद्याला उघड पाठिंबा दिला आणि त्याच वेळी झालेल्या मांस तपासणीच्या कायद्यातल्या सरकारी शिक्क्यामुळे मोठ्या मांस कंपन्यांची परदेशातली विक्री सोपी झाली. पण हा कायदा पंचवीसेक वर्षं अडवून धरणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण होतं? बाटलीबंद "रामबाण" औषधं विकणारे कारखानदार. वर्तमानपत्रांशी जाहिरातीचे करार करताना ते अट घालत की राज्यात आमच्या विरोधात कायदा झाला तर करार रद्द. म्हणून पेपरवाले गप्प. कायद्यासाठी झटल्या त्या महिला मंडळांतल्या बायका आणि सरकारी रसायनतज्ज्ञ हार्वे वायली. अन्नात घालायची रसायनं शरीराला काय करतात हे पाहायला वायलींनी १९०२ पासून धडधाकट तरुणांना टेबलावर बसवून ती जेवणातून खाऊ घातली होती.

आणि त्या कायद्याने घरगुती औषधांवर बंदी आणलीच नाही. अफू, मॉर्फिन, कोकेन, दारू असलं काही असेल तर लेबलवर लिहा आणि लेबलवर खोटं लिहू नका, हीच औषधांच्या बाबतीत मुख्य बंधनं होती. तेव्हा तिकडे दात येणाऱ्या बाळांसाठी "मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप" घराघरांत होतं. बाळं शांत झोपायची, कारण त्यात मॉर्फिन होतं. काही बाळं उठलीच नाहीत. आपल्याकडे मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्यांना अफूची बाळागोळी देऊन जायच्या. त्यांचा नाइलाज होता, पाळणाघरं नव्हती. आपल्या घरात तसला काय नाइलाज आहे?

१९४० चं तर दोन ओळींत संपतं. बाजारात खोट्या, निकृष्ट औषधांचा, त्यात क्विनाइनचाही, सुळसुळाट झाला होता. १९३० साली रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली आणि पुढे कायदा आला. निव्वळ आयुर्वेदिक आणि युनानी औषधं त्याच्या व्याख्येतून स्पष्ट शब्दांत वगळली होती. ती कायद्याखाली आली १९६४ साली, स्वतंत्र भारतात.

राहता राहिली "पूर्वी भेसळ नव्हती." १८५८, इंग्लंडमधलं ब्रॅडफर्ड. पेपरमिंटच्या गोळ्यांत साखर वाचवायला पांढरी भुकटी मिसळायची रीतच होती. एकदा दुकानातून चुकून सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष, दिला गेला. वीसेक माणसं मेली, दोनशेच्या आसपास आजारी पडली. त्यानंतर दोन वर्षांत तिथे अन्नातल्या भेसळीविरुद्धचा पहिला सर्वसाधारण कायदा झाला.

मावशी, ती बाटली मी बहिणीच्या घरून उचलून आणली आहे, उद्या बाळाच्या डॉक्टरांना दाखवणार आहे. ज्या बाईने दिली तिला एकदा विचार, यात काय काय आहे आणि कुठून आणलंस. तिने सांगितलं तर ते लिहून घे आणि ग्रुपवर टाक.