पीएस फाइव्हचा भाव उतरेल म्हणून थांबू नका

सोयाबीनचा चुकारा हाती आला की आपल्याकडे विदर्भात दारव्हा, पुसद, आर्वीच्या दुकानांत हमखास ऐकू येतं, "पोट्ट्याले पीएस फाइव्ह पाह्यजे, पण जरा थांबलं तं भाव उतरन ना?"

पीएस फाइव्ह म्हणजे सोनीचं टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. त्याचा भाव नाही उतरणार. थांबायचा सल्ला एकेकाळी बरोबर होता. त्याची जुनी पिढी, पीएस टू, २००० साली अमेरिकेत २९९ डॉलरला आला, २००२ मध्ये १९९ ला, २००९ मध्ये ९९ ला. दर उतारासोबत नवं गिऱ्हाईक आलं आणि खप १५ कोटींच्या पुढे गेला. चिप लहान होत गेल्या, दोन मोठ्या चिपांची एक झाली, बनवायचा खर्चच घटला, म्हणून ते परवडलं. पीएस थ्रीचं वरचं मॉडेल २००६ मध्ये ५९९ डॉलरला काढलं तेव्हा लोकांनी पाठ फिरवली. २००९ मध्ये त्याचं बारीक 'स्लिम' मॉडेल २९९ ला आलं तेव्हा कुठे मागणी उठली.

आता चिप लहान करणंच महाग झालंय. पीएस फाइव्ह फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात ४९,९९० रुपयांना आला, २०२२ संपता संपता ५४,९९० झाला. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलर चढले. यंत्र जुनं होऊनही महाग होत जातं, हे आधी फारसं पाहिलं नव्हतं. म्हणून दिवाळीच्या आसपास काही हजारांची सूट लागली की तेव्हाच घ्या.

आणि डिस्कवालंच घ्या. बिनडिस्कचं काही हजारांनी स्वस्त दिसतं, पण मोठा नवा गेम पाच हजारांच्या आसपासचा. जुन्या डिस्क घेतल्या तर थोड्याच गेममध्ये ती बचत संपली. डिस्क खेळून विकता येते, अर्ध्या भावात जुनी मिळते, अन् गावातल्या नेटवर शंभर जीबी उतरवत बसावं लागत नाही (अपडेट तेवढे लागतातच).

जुनी डिस्क ट्यूबलाइटखाली तिरपी धरून पाहा. या डिस्कचा (ब्लू-रेचा) डेटा पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो. मधून काठाकडे जाणारा बारीक ओरखडा बहुधा चालतो. गोलाकार, नखाला लागणारा असेल तर पैसे देऊ नका. डब्यात जादा सामानाचा एकदाच चालणारा कोड असेल तर तो वापरलेलाच समजा.

खर्चात एक छोटा यूपीएसही धरा.  गेम सेव्ह होताना लाइन गेली तर फाइल बिघडू शकते. शिवाय भोवतालच्या तापमानाची कंपनीची मर्यादा ३५ अंशांची आहे, आपला मे महिना ४५ चा. टीव्हीखालच्या बंद कप्प्यात ठेवू नका, कूलरच्या ओल्या झोतासमोर तर मुळीच नाही.