इन्स्टॉल करा, आणि पुन्हा इन्स्टॉल करा

आमच्याकडे रजेचा अर्ज भरायचा तर आधी त्यासाठी वेगळी रजा काढावी लागते.

अर्जाचं पोर्टल जुनं आहे. पानाच्या मधोमध एक करडा चौकोन, त्यात कोड्याच्या तुकड्याचं चित्र आणि खाली हुकूम: 'जावा प्लगइन आढळले नाही. इन्स्टॉल करा.' प्लगइन म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा जादा प्रोग्रॅम. आपण तो इन्स्टॉल करावा. पट्टी सुखाने शंभर टक्क्यांपर्यंत सरकते, अभिनंदनाचा संदेश येतो. पान पुन्हा उघडावं, तर चौकोन जागच्या जागी: 'जावा प्लगइन आढळले नाही.' आढळणार कसं? जावा कॉम्प्युटरमध्ये ठाण मांडून बसलंय, पण उधारीवाला समोर आला की आपण जसे भलतीकडे बघतो, तसा ब्राउझर त्याच्याकडे बघतच नाही.

त्याचंही बरोबर आहे म्हणा. ही प्लगइन्स यायची ती नेटस्केप या जुन्या ब्राउझरच्या जमान्यातल्या एनपीएपीआय नावाच्या दारातून, आणि एकदा आत शिरली की मालकाच्या थाटात कॉम्प्युटरभर हिंडायची. चोरांनाही ते दार पाठ झालं होतं. क्रोमने २०१३ साली तशी नोटीस दिली आणि २०१५मध्ये दार बुजवून टाकलं. फायरफॉक्सने मार्च २०१७मध्ये तेच केलं, फक्त फ्लॅश या ॲनिमेशन दाखवणाऱ्या प्लगइनपुरती फट ठेवून. आमच्या पोर्टलवाल्यांपर्यंत यातलं काही पोचलेलं दिसत नाही, कारण पानाच्या तळाशी अजून 'इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उत्तम दिसते' असं दिमाखात लिहिलेलं आहे. इंटरनेट एक्सप्लोरर जून २०२२मध्ये निवृत्त झाला. शिल्लक रजेचा अर्ज त्याने कुठून भरला, देव जाणे.

मदत कक्षाला फोन केला.

"ब्राउझर अपडेट कशाला केलात, सर?"

"मी नाही केला. तो रात्रीतून आपोआप झाला."

"होऊ द्यायचा नाही ना!"

सायबर सुरक्षेचं सक्तीचं प्रशिक्षण तर चक्क फ्लॅशमध्ये होतं. फ्लॅशच्या मालक कंपनीने, अडोबीने, २०२० संपताना फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१पासून प्लेअर स्वतःच काही दाखवायला नकार देऊ लागला. आमच्या एका सहकाऱ्याने जुना ब्राउझर शोधून काढला आणि कॉम्प्युटरची तारीखच मागे नेली. फ्लॅश खुशीत नाचू लागलं. पण बाकीच्या साइट्सची सुरक्षा प्रमाणपत्रं त्या तारखेला जन्मालाच आलेली नव्हती, त्यामुळे मेल उघडेना. सुरक्षेचे धडे घेणारं हे ऑफिसातलं सर्वांत असुरक्षित मशीन, पण प्रशिक्षणात पास झालं तेवढंच.

सध्या माझी भिस्त मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमधल्या आयई (म्हणजे इंटरनेट एक्सप्लोरर) मोडवर आहे. सेटिंगमध्ये जाऊन पोर्टलचा पत्ता यादीत घालायचा, की ते पान जुन्या इंजिनावर चालतं, जावा ८ हळूच डोळे उघडतं आणि चौकोनाच्या जागी अर्ज अवतरतो. यादीतली नोंद मात्र ३० दिवसांनी बाद होते. मग पुन्हा सेटिंग, पुन्हा पत्ता. म्हणजे आजारपणसुद्धा तारीख बघूनच काढायचं.

हा मोड किमान २०२९पर्यंत चालू ठेवू, असं मायक्रोसॉफ्टने सांगून ठेवलंय. हे मी मदत कक्षाच्या कानावर घातलं. पलीकडचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला.

"मग काय सर, नवीन पोर्टलला बराच वेळ आहे की!"