टीव्ही फक्त तुम्हालाच लावता यावा म्हणून

सांगलीत विश्रामबागेत फ्लॅट झाला, ६५ इंची टीव्ही भिंतीवर चढला, खाली ५.१चा रिसीव्हर (सगळ्यांचा आवाज सहा स्पीकरांना वाटणारा आणि चित्र टीव्हीकडं धाडणारा डबा) येऊन बसला. अभिनंदन. पण आता घरातलं कुणीही उठून रिमोट दाबणार आणि लगेच चित्र दिसणार असेल, तर एवढे पैसे घालून तुमची किंमत ती काय राहिली?

जोडणीची एक सरळ पद्धत आहे, तिच्यापासून चार हात लांब राहा. सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी स्टिक, ब्लू-रे प्लेअर सगळं रिसीव्हरच्या मागच्या एचडीएमआय इनपुटांत घालायचं आणि रिसीव्हरच्या एचडीएमआय आउटमधून एकच केबल टीव्हीच्या 'एआरसी' लिहिलेल्या पोर्टात (टीव्हीचा आवाज त्याच केबलनं उलटा रिसीव्हरकडं धाडणाऱ्या) न्यायची. टीव्ही कायम त्याच इनपुटवर, बदल काय तो रिसीव्हरवर. हे आजीलासुद्धा दोन दिवसांत जमेल. धोका ओळखा.

त्यापेक्षा अर्धं इकडं, अर्धं तिकडं करा. बॉक्स थेट टीव्हीत, स्टिक रिसीव्हरच्या 'गेम' इनपुटात (इनपुटाचं नाव बदलायची सोय मेनूत असते, तिकडं फिरकू नका) आणि माळ्यावरचा डीव्हीडी प्लेअर जुन्या पिनांनी रिसीव्हरला, चित्राला पिवळी, आवाजाला लाल-पांढरी. पिवळ्या पिनेचं चित्र एचडीएमआयवर चढवून देणारे रिसीव्हर आहेत, पण बरेच तसं करत नाहीत. तुमचा त्यातला निघाला तर आवाज खणखणीत आणि पडदा काळा. रिसीव्हरच्या व्हिडिओ आउटमधून टीव्हीला आणखी एक पिवळी वायर टाकली की प्रश्न मिटतो, म्हणून ती वायर कपाटात कुलपात ठेवा.

टीव्हीवर एआरसीचं पोर्ट बहुधा एकच असतं. तेवढं सोडून कशातही केबल खुपसा. चित्र दिसेल, पण टीव्हीतल्या ॲपचा आवाज रिसीव्हरकडं परत येणार नाही. चुकून बरोबर पोर्ट लागलंच, तर सीईसी, म्हणजे एचडीएमआयवरून यंत्रांनी एकमेकांना हुकूम द्यायची सोय, बंद ठेवा. बऱ्याच टीव्हींत त्याच्याशिवाय एआरसी चालत नाही, आणि प्रत्येक कंपनीनं त्याचं बारसं वेगळं केलेलं असल्यामुळं मेनूत ते कुणाला सापडतही नाही.

खरी मजा ४के मध्ये. त्यासाठी रिसीव्हर जुना, २०१२च्या आसपासचा घ्या. चित्राची चोरी होऊ नये म्हणून स्टिक, रिसीव्हर आणि टीव्ही एकमेकांना खूण विचारतात. तिचं नाव एचडीसीपी २.२. मधल्या जुन्याला ती खूण ठाऊकच नसते, मग चित्र ४केवरून साध्या १०८०पीवर उतरतं नाहीतर गायब होतं. स्टिक थेट टीव्हीत घालून आवाज तेवढा एआरसीनं रिसीव्हरकडं आणला की काम होतं, पण हे शेजाऱ्यांनासुद्धा बोलू नका. रिसीव्हर नवा असेल तरी निराश होऊ नका. पुष्कळ टीव्हींत त्या-त्या पोर्टाला पूर्ण दर्जाचं ४के घेऊ देणारं 'एन्हान्स्ड' सेटिंग आधी बंदच असतं. ते तसंच राहू द्या.

केबल भिंतीतून न्यायची असेल तर संधी सोडू नका. साधी तांब्याची केबल पूर्ण दर्जाच्या ४केला लागणाऱ्या १८ जीबीपीएस वेगाला पाच मीटरपुढं भरवशाची नाही. म्हणून लोक दहा मीटरला ऑप्टिकल फायबरची एचडीएमआय घेतात, आणि तिला दिशा असते. एका टोकाला 'सोर्स', दुसऱ्याला 'डिस्प्ले' छापलेलं. तुम्ही न वाचता उलटी ओढा, पाइप न टाकता गाडा, वर प्लास्टर आणि रंगाचे दोन हात मारून घ्या. मगच बटण दाबा.

रिसीव्हर काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवा, वर क्रोशाचा रुमाल, त्यावर भडंगाचा डबा. एप्रिलातल्या सांगलीत तो तासाभरात तापून आपोआप बंद पडला, तर घरचे म्हणतील बिघडला. खरं तर वर वीतभर मोकळी जागा मिळाली असती, तर तो तापला नसता.

मग कुपवाडला एमआयडीसीत दुपारच्या शिफ्टला असताना फोन येईल. "अहो, आवाज येतोय, चित्रच नाही." घाई करू नका. शांतपणे विचारा, "इनपुट कुठलं लावलंय?" पाच रिमोटांपैकी कुठला हातात घ्यायचा, ते मात्र घरी आल्यावर.