रॅपमध्ये गोष्ट नसते?

कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत) आणि रॅप (तालावर बोलत म्हटलेली गाणी) यांची तुलना करणाऱ्या लेखातलं ‘कंट्रीत गोष्ट असते, रॅपमध्ये नुसती मारामारी’ हे वाक्य काही पटलं नाही. कंट्री गायक जॉनी कॅशच्या १९५५ च्या ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ या गाण्यातला कैदी रिनो शहरात एकाला गोळी घालून आलाय. का, तर तो मरताना बघायचा होता म्हणून! ते मात्र अभिजात. आणि रॅपर स्लिक रिकचं ‘चिल्ड्रन्स स्टोरी’ ऐकलंय का? काका पोरांना झोपताना गोष्ट सांगतोय आणि गोष्टीतलं चोरीच्या नादी लागलेलं पोरगं शेवटी पोलिसांच्या गोळीने मरतं.

मी मूळचा कंट्रीवालाच. कंट्रीतल्या पेडल स्टील गिटारचा (तारांवर धातूचा तुकडा सरकवून वाजवतात ती) तो ओढलेला सूर रॅपमध्ये सापडत नाही, मान्य. पण रॅपचे शब्द पहिल्या फटक्यात कानात शिरत नाहीत. मलाही लेकीने बोल समोर धरून तीनदा ऐकवलं, तेव्हा कुठे त्यातली गोष्ट कळली.