क्यू डिलीट केली की मेल ‘सुटतात’ म्हणे!

जळगावच्या एमआयडीसीत एका डाळमिलचा मेल सर्व्हर माझा भाचा सांभाळतो. परवा त्याचा फोन आला, “मामा, क्यू उडाई देऊ का? ग्रुपवर तसंच लिखेल शे.” क्यू म्हणजे पाठवायच्या राहिलेल्या मेलची रांग. मग तो मेसेजही पाठवला. मेल डिलिव्हर होत नसतील तर म्हणे पोस्टफिक्स (सर्व्हरवरचं मेल पाठवणारं सॉफ्टवेअर) रिस्टार्ट करा, अख्खी क्यू डिलीट करा म्हणजे अडकलेले मेल सुटतील, एसपीएफमध्ये (आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी) ‘प्लस ऑल’ टाका आणि ‘मायनेटवर्क्स’मध्ये (ज्यांचे मेल आपला सर्व्हर न विचारता पुढे पाठवतो ते आयपी पत्ते) ०.०.०.०/०, म्हणजे सगळं जग, लिहा. खाली नेहमीचं शेपूट, सगळ्या आयटीवाल्यांना पाठवा.

रिस्टार्टने सहसा काही बिघडत नाही, बहुतेक वेळा काही सुधारतही नाही. पुढे चला.

क्यूचं मात्र डोकं फिरवणारं आहे. ‘पोस्टसुपर -डी ऑल’ ही कमांड मेल सोडत नाही, पुसते. पाठवणाऱ्याला बाउन्ससुद्धा, म्हणजे मेल पोचला नाही असा निरोपही, जात नाही. तो आपला समजतो, कोटेशन पोचलं. एसटी उशिरा येणार म्हणून स्टँडवरची पार्सलं जाळून टाकावीत, तसला हा उपाय. भाच्याला म्हटलं, आधी लॉग वाच. त्यात होतं ‘स्टेटस=डिफर्ड’ (पुढे ढकललं), पुढे ४५० हा कोड आणि ‘ग्रेलिस्टेड’. म्हणजे समोरचा सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला म्हणतोय, थोड्या वेळाने या. यात आपण काहीच करायचं नसतं. ४ ने सुरू होणारा कोड तात्पुरता, ५ ने सुरू होणारा कायमचा. ५५० ५.१.१ आला तर तो पत्ताच तिथे नाही, स्पेलिंग बघा.

आणि हे माझ्या मनाचं नाही. एसएमटीपीचं, म्हणजे सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या पद्धतीचं मानक, आरएफसी ५३२१, ऑक्टोबर २००८ चं आहे. त्यात स्पष्ट आहे: पुन्हा प्रयत्न करताना साधारण किमान ३० मिनिटांचं अंतर ठेवा आणि हार मानण्याआधी किमान ४-५ दिवस थांबा. पोस्टफिक्सही मुळात ५ दिवस मेल धरून ठेवतो. क्यू असते ती यासाठीच. फारच घाई असेल तर कारण दुरुस्त करून ‘पोस्टक्यू -एफ’ द्या, क्यूतले मेल लगेच पुन्हा पाठवून बघितले जातात. काही पुसलं जात नाही.

एसपीएफबद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) लागतं आणि ते नसल्यामुळे बरेच मेल परत येतात. पण ‘प्लस ऑल’ म्हणजे आमच्या डोमेनच्या नावाने जगातल्या कुणीही मेल पाठवावा, आमची ना नाही! उद्या कुणी मिलच्या नावाने व्यापाऱ्यांना खोटा बँक खाते क्रमांक पाठवला तर तो मेल एसपीएफमध्ये पास होईल. रेकॉर्डमध्ये आपल्या सर्व्हरचा आयपी लिहा, शेवटी ‘मायनस ऑल’, म्हणजे बाकी कुणी नाही. झालं.

‘मायनेटवर्क्स’च्या शेवटच्या उपायाने तर सर्व्हर ओपन रिले होतो, म्हणजे कुणाचाही मेल कुठेही पोचवणारा. स्पॅमवाले असे सर्व्हर शोधतच फिरत असतात. एकदा का आयपी ब्लॅकलिस्टमध्ये गेला की आज जाणारे मेलही बंद. मेसेज लिहिणाऱ्याला ‘रिले ॲक्सेस डिनाइड’ (तुमचा मेल पुढे पाठवणार नाही) हा एरर घालवायचा असणार. बाहेरगावी फिरणाऱ्या सेल्सच्या माणसाला तो येत असेल, तर सर्व्हरवर सबमिशन (लॉगिन करून मेल पाठवायची सोय) चालू आहे ना ते बघा आणि त्याच्या फोनमध्ये पोर्ट ५८७ व युजरनेम-पासवर्ड भरून द्या.