पोटगी वाढवून हवीय? मग मूल वाढू देऊ नका

बायांनो, विशेष मुलाची पोटगी वाढवून मागायला कोर्टात जाणार असाल तर माझा सल्ला घ्या. परवाच तारखेवरून हात हलवत आलेय, त्यामुळे सल्ला अगदी ताजा आहे.

सगळ्यात आधी, मूल मोठं होऊ देऊ नका. माझा लेक चार वर्षांचा होता तेव्हा रक्कम ठरली. चौदा किलोचा होता, कडेवर मारला की झालं. आता सतरावं चालू आहे आणि बावन्न किलोचा झालाय. व्हीलचेअरचं पायठाण त्याला पुरत नाही, गुडघे वर येतात. मूल वाढलं, पोटगी तेवढीच. तिची वाढ खुंटलीय म्हणा.

पावत्या जपा. फिजिओथेरपीच्या, डायपरच्या, सगळ्या. रात्रीतून तीनदा उठून कूस बदलून देण्याची पावती कुणी देत नाही, तेव्हा ते काम करूच नका.

नोकरी करू नका. बाई कमावती ठरते. सोडूही नका, शिकलेली असून मुद्दाम घरी बसते.

थकलेली पोटगी गोडीगुलाबीने मागत बसा. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी वॉरंट निघत नाही, हे समोरच्याला बरोबर ठाऊक असतं.

शपथपत्राचीही काळजी नको. दोन्ही बाजूंनी उत्पन्न, मालमत्ता, कर्ज सगळं उघड करायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा निकालात सांगितलंय. त्यामुळे समोरून कर्जाच्या हप्त्यांची सुरेख यादी येते. नवी गाडी? ती भावाच्या नावावर.

आणि मुख्य म्हणजे ‘परिस्थितीतला बदल’ दाखवा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 127 होतं, 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 146 झालं, अट तीच. समोरचे वकील उभे राहिले आणि म्हणाले, “मुलगा तेव्हा बोलत नव्हता, आजही बोलत नाही. तेव्हा चालत नव्हता, आजही चालत नाही. बदल काय झाला?” कुणीतरी मागे हसलं. अहो, बदल होत नाही म्हणूनच तर खर्च आहे! इतर मुलं आपापली आंघोळ करायला लागली. याला न्हाऊ घालायला आता मी एकटी पुरत नाही, माणूस ठेवावा लागतो. गेल्या पावसाळ्यात मोरीत पाय घसरला. याला वर धरून ठेवण्याच्या नादात माझा खांदा निखळला. तो बदल कुठल्या रकान्यात भरायचा, साहेब?

वर पुढच्या वर्षी अठरा पूर्ण होतील, मग पोटगीच बंद, असं बाप बाहेर सांगत सुटलाय. वकिलाला विचार. शारीरिक किंवा मानसिक कारणाने ज्याला स्वतःचं पोट भरता येत नाही, त्या मुलाची पोटगी अठराला संपत नाही. जुन्या 125 मध्ये होतं, आताच्या 144 मध्येही आहे.

पण कलमं राहू देत. तेरा वर्षांत एकदा तरी पोराची नखं कापलीस का रे? कुठलं औषध सकाळचं, कुठलं रात्रीचं, माहितेय? येत्या रविवारी ये, एकट्याने उचल त्याला आणि आंघोळ घालून दाखव. मग विचार, बदल काय झाला.